अंडाशयातला बीजांचा साठा : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझं वय ३२. अजून मुलासाठी प्रयत्न सुरू केलेले नाहीत. सहज केलेल्या तपासणीत एएमएच ०.८ आला आणि रिपोर्टवर ‘साठा कमी’ असं छापून आलं. लगेच आयव्हीएफ करून घ्यावं का?

उत्तर : नुसत्या या आकड्यावरून अजिबात नाही. एएमएच हे संप्रेरक वाढीला लागलेल्या लहान फॉलिकलांमधल्या (एकेक बीज सांभाळणाऱ्या इवल्या पिशव्यांमधल्या) पेशी तयार करतात. बीजं पिकवणारी इंजेक्शनं दिली तर अंदाजे किती बीजं हाती लागतील, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. बीजाची प्रत मात्र त्यावरून कळत नाही. ती मुख्यतः वयावर ठरते, आणि ३२व्या वर्षी वय तुमच्या बाजूनं आहे. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या या स्त्रियांमध्ये ज्यांचा एएमएच ०.७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरपेक्षाही कमी होता, त्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही.

आधी रिपोर्टवरचं एकक पाहा. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लीटर. ०.८ नॅनोग्रॅम आणि ०.८ पिकोमोल यांत सातपटीचा फरक आहे, आणि एकक न बघता घाबरलेल्यांची पत्रं आमच्याकडे नेहमी येतात. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर आकडा खाली येतो. गोळ्या बंद करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतल्या २ ते १० मिलिमीटरच्या फॉलिकलांची मोजणीही करून घ्या. दोन्ही तपासण्या एकाच दिशेनं बोलत असतील तरच साठा खरोखर कमी समजायचा.

आईची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल किंवा चॉकलेट सिस्टचं (अंडाशयात जुनं रक्त साठून झालेल्या गाठीचं) ऑपरेशन झालं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सिस्टचं अस्तर सोलताना अंडाशयाची वरची सालही थोडी निघून येते, आणि साठा त्या सालीतच असतो. मूल आणखी चार-पाच वर्षांनी हवं असेल तर कमी एएमएचला अर्थ आहे, कारण बीजं गोठवायची ठरवली तर एका खेपेला कमी मिळतील. लवकर हवं असेल तर प्रयत्न सुरू करा. पस्तिशीच्या आत असताना वर्षभरात दिवस राहिले नाहीत की तपासणी करायची असते. कमी साठा पक्का झाला असेल तर आम्ही सहा महिन्यांनंतर थांबू नका असं सांगू.

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या बहिणीला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, आहे. दहा दिवसांत केमो सुरू होईल. डॉक्टर म्हणतात, बीजं गोठवा नाहीतर अंडाशयाचा तुकडा. तुकडा गोठवतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि तो नंतर चालतो का?

उत्तर : बीजं गोठवायला इंजेक्शनांचे दहा ते चौदा दिवस लागतात. पाळीची वाट न पाहता ती कुठल्याही दिवशी सुरू करता येतात, तरीही दहा दिवसांत ते बसवणं ओढाताणीचं आहे. तुकड्यासाठी एका दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपुरताच वेळ लागतो. पाळी न आलेल्या मुलींसाठी तर दुसरा पर्यायच नाही.

अंडाशयाची ऊती बाहेर काढेपर्यंत सर्जन ती विजेनं डागत नाहीत, कारण उष्णतेनं फॉलिकल मरतात. तुकडा थंड द्रावणातून, सुमारे ४ अंशांवर, प्रयोगशाळेत येतो. तिथे थंड पाटावर तो उलटा ठेवून आतला मऊ भाग खरवडून काढतात आणि फक्त १ ते १.५ मिलिमीटर जाडीची साल उरू देतात. झोपलेले आदिम फॉलिकल याच सालीत, बहुतेक वरच्या एक मिलिमीटरात असतात. साल जाड राहिली तर गोठणरोधक द्रावण मधोमध पोचत नाही आणि तिथे बर्फाचे स्फटिक होतात. जास्त खरवडली तर फॉलिकलच खरवडून जातात. उरलेल्या सालीच्या काही मिलिमीटर रुंद पट्ट्या कापतात आणि त्यातली एक पॅथॉलॉजीला पाठवतात, त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का हे पाहायला.

पट्ट्या गोठणरोधक द्रावणात मुरल्या की कुपीत भरून मशीनमध्ये जातात. मिनिटाला २ अंश या गतीनं उणे ७ ते ९ अंशांपर्यंत उतरायचं आणि थांबायचं. इथे तंत्रज्ञ द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेला चिमटा कुपीच्या भिंतीला बाहेरून टेकवतो. त्या जागी पांढरा ठिपका उमटतो आणि बघता बघता द्रावणभर पसरतो. बर्फ असा मुद्दाम, पेशींच्या बाहेर सुरू करून द्यावा लागतो. ते केलं नाही तर पाणी गोठणबिंदूच्या बरंच खाली द्रवच राहतं, मग एकदम गोठतं, आणि तो बर्फ पेशींच्या आत होतो. पुढे मिनिटाला ०.३ अंश अशा संथ गतीनं उणे ४० पर्यंत, तिथून वेगानं उणे १४० पर्यंत, आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये.

ही पद्धत मेंढ्यांवरच्या कामातून आली. मेंढीचं अंडाशय माणसासारखंच चिवट, तंतुमय असतं. १९९४ साली रॉजर गॉस्डेन, डेव्हिड बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठवलेल्या पट्ट्या त्याच मेंढ्यांमध्ये परत बसवून कोकरू जन्माला आल्याचं दाखवलं. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, बेल्जियममध्ये जॅक डोनेझ यांच्या गटानं अशा उपचारानंतरच्या पहिल्या बाळाच्या जन्माची नोंद केली. त्या स्त्रीला तुमच्या बहिणीसारखाच हॉजकिन लिम्फोमा होता आणि तिची ऊती केमोआधी, १९९७ साली गोठवली होती. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यक संस्थेनं २०१९ मध्ये या उपचारावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

तेव्हा, चालतो. पण नुकसान कुठे होतं ते माहीत असू द्या. गोठवण्यापेक्षा मोठा फटका पट्टी पुढे शरीरात परत बसवल्यावर बसतो. पट्टीला नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत काही दिवस जातात आणि तेवढ्यात निम्म्याहून जास्त फॉलिकल प्राणवायूअभावी जाऊ शकतात. म्हणूनच मुळात साठा भरपूर असलेल्या तरुण वयात हा उपचार शोभतो, आणि पस्तिशीनंतर बहुतेक केंद्रं तो सुचवत नाहीत. पाळी परत यायला चार ते सहा महिने लागतात, कारण झोपलेला फॉलिकल पिकायलाच महिने लागतात. सगळ्या पट्ट्या एकदम वापरू नयेत, काही पुढच्या खेपेसाठी राखाव्यात. रक्ताच्या कर्करोगात (ल्युकेमियात) ऊतीबरोबर आजार परत येण्याचा धोका मोठा असतो. हॉजकिनमध्ये तो कमी आहे, तरी पॅथॉलॉजीचा अहवाल जपून ठेवा. केमोच्या काळात अंडाशय शांत ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन सुचवलं तर जरूर घ्यावं, मात्र गोठवण्याऐवजी नव्हे.

प्रश्न : अंडाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला, बिंबाणू जास्त असलेला द्रव) टोचल्यानं नवी बीजं तयार होतात, हे खरं का?

उत्तर : असं सिद्ध झालेलं नाही. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात, आणि नवी तयार होत नाहीत हे मत १९५१ पासून रूढ आहे. २००४ साली उंदरांवरच्या एका शोधनिबंधानं त्याला आव्हान दिलं. तो वाद गाजला, पण स्त्रीच्या अंडाशयात नवं, फळू शकणारं बीज तयार होतं असं अजून कुणी दाखवलेलं नाही. टोचल्यानंतर एएमएच वाढला हा पुरावा नव्हे, तो आपसूकही थोडा वरखाली होतो. जिथे तुलनेचा गट नाही आणि जन्मलेल्या बाळांचा हिशेब नाही, तिथे पैसे भरू नका.

प्रश्न : मी जीवशास्त्रात एमएस्सी करते आहे. अंडाशयावर संशोधन करायचं आहे. डॉक्टर नसल्यामुळे अडेल का? सुरुवात कशी करू?

उत्तर : अडणार नाही. आयव्हीएफचे जनक रॉबर्ट एडवर्ड्स डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राच्या वाटेनं आले होते, आणि २०१० चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. मानवी बीज शरीराबाहेर बारा तासांत पिकतं असं त्यांच्या आधी मानलं जाई. एडवर्ड्सना त्या वेळात काहीच दिसेना. त्यांनी जास्त वेळ थांबून पाहिलं आणि १९६५ साली दाखवलं की त्याला सुमारे ३६ तास लागतात. आज आयव्हीएफमध्ये शेवटचं इंजेक्शन दिल्यावर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात, ते याच जैविक वेळापत्रकाला धरून.

आधी मोजायला शिका. अंडाशयाचे ५ मायक्रॉनचे काप घेतले तर एकच फॉलिकल अनेक कापांत दिसतो. म्हणून बीजाचं केंद्रक ज्या कापात दिसेल तिथेच तो मोजायचा, नाहीतर आकडा फुगतो. काप कोणत्या गटाचा, प्रयोगाच्या की तुलनेच्या, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. दुसरी अडचण याहून चिवट आहे. फॉलिकल सालीत घोळक्यानं असतात. एकाच स्त्रीच्या शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत एकात डझनभर, दुसऱ्यात एकही नाही, असं होतं. म्हणून प्रत्येक स्त्रीचे तुकडे दोन्ही गटांत वाटायचे आणि विश्लेषणात ‘स्त्री’ हे एकक धरायचं, ‘तुकडा’ नव्हे. प्रबंध परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

उंदराचा फॉलिकल सुमारे तीन आठवड्यांत पिकतो, माणसाचा महिने घेतो. १९९६ साली उंदराच्या आदिम फॉलिकलपासून प्रयोगशाळेत बीज वाढवून पिल्लू जन्मलं. मानवी ऊतीत पक्व बीजापर्यंत पोचल्याची नोंद एव्हलिन टेल्फर यांच्या एडिंबराच्या गटानं २०१८ मध्ये केली, आणि त्यातही बीज पिकताना त्यातून सुटणारी छोटी पेशी, म्हणजे ध्रुवपिंड, नको इतकी मोठी होती. ते का होतं, यावर पीएचडीचा चांगला विषय होऊ शकतो.

मानवी ऊती शस्त्रक्रियेत दान म्हणून मिळते. नैतिकता समितीच्या परवानगीत महिने जातात आणि नंतरही ऊती कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे उंदराचं किंवा मेंढीचं काम समांतर चालू ठेवा. गाइड निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेत एक दिवस बसून फॉलिकल कोण, कसे मोजतं ते बघा, आणि मूळ मोजणीच्या वह्या दाखवायला सांगा.