इटालियनची क्रियापदं: तीन तक्ते पाठ करावेच लागतात का?

प्रश्न: मी इंदूरला सुदामानगरात राहते, घरीच इटालियन शिकतेय. मूळ क्रियापदाच्या शेवटी आरे, एरे, इरे असे तीन गट, प्रत्येकाची सहा रूपं, सगळं डोक्यात कसं ठेवायचं?

उत्तर: ताई, अठरा रूपं वेगवेगळी धरूच नका. 'मी'ला तिन्हीकडे शेवटी ओ, 'तू'ला ई, 'आम्ही'ला यामो, म्हणजे पार्लो (मी बोलते), क्रेदो (मी विश्वास ठेवते), दोर्मो (मी झोपते) आणि पार्ल्यामो, क्रेद्यामो, दोर्म्यामो, अर्धं काम इथेच झालं बघा. आणि वर्तमानकाळात बोलतो-बोलते असा भेद नाही, पुरुष असो की बाई, पार्लोच, हे मला फार आवडतं.

खरी मेहनत इरेवाल्यांत आहे, कारण फिनीरे (संपवणे) यासारखी बरीचशी क्रियापदं मध्ये इस्क घेतात, फिनिस्को, फिनिशी, फिनिशे, फिनिस्कोनो, पण आम्ही-तुम्हीला मात्र साधं फिन्यामो, फिनीते. कोणतं क्रियापद इस्क घेतं ते मूळ रूप बघून कळत नाही, म्हणून नवीन शब्द लिहिताना सोबत 'मी'चं रूपही लिहाच.

आणि मोठ्याने म्हणा! पार्लानो (ते बोलतात) म्हणताना जोर 'पार'वर येतो, 'ला'वर नाही, नुसतं वाचून ही सवय लागत नाही.