हाताला काम कळेनासं होतं तेव्हा

"ताई, घरच्यांनी मिळून धंदा घेतला की घर टिकतं का हो?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की विचारणारी व्यक्ती खुर्चीत टेकायच्या आधीच मला तो तिच्या चेहऱ्यावर दिसतो. कधी विचारणारा सुतार असतो, बायकोच्या जोडीने बेकरी घेतलेला. कधी वायरमनची बायको असते, दिराच्या भागीदारीत खानावळ चालवणारी. आयुष्यभर हातातल्या कसबावर जगलेलं घर एक दिवस दुकानाची किल्ली घेतं आणि वर्षाच्या आत त्यांच्यातलं कुणीतरी माझ्यासमोर बसलेलं असतं. टिकतं की नाही, याचं उत्तर मी एका कुटुंबाच्या निमित्ताने देते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

वडील प्लंबर, सव्वीस वर्षांचा अनुभव. अडचणीच्या जागेत गुडघ्यांवर बसून काम करता करता गुडघे गेले, मग कंबर. मुलगी कॉलेजात असल्यापासून जवळच्या एका पिझ्झा रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी काम करायची. तिथल्या मालकांनी वयोमानाने दुकान विकायला काढलं, तेव्हा तीच घरी म्हणाली, "आपण घेऊया." साठवलेला पैसा आणि वडिलांच्या नावावर काढलेलं कर्ज यावर दुकान घेतलं. आई हिशेब बघणार, मुलगी ओव्हन, धाकटा मुलगा अभ्यास सांभाळून काउंटर आणि डिलिव्हरी. वडील काय करणार हे कुणी ठरवलंच नाही, कारण ते मालक होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबणार आहे.

आठ महिन्यांनी आई एकटी आली. "दुकान चालतंय, ताई. घर बंद पडलंय."

"म्हणजे?"

"बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. ओव्हनवरून भांडतात आणि मग गप्प. काल पीठ सैल झालं म्हणून केवढा गोंधळ."

"पीठ सैल झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी."

"ज्या मुलीने मळलं तिला सांगितलं का त्यांनी?"

"नाही, तिला मी सांगितलं."

"आणि ती तुमच्याशी बोलली?"

त्या थांबल्या. "नाही. ती भावापाशी रडली. आता तोही दुकानात यायला टाळाटाळ करतो."

मी कागदावर चार ठिपके काढले आणि बाण जोडत गेले. वडील ते आई, आई ते मुलगी, मुलगी ते मुलगा. वडिलांपासून मुलीकडे जाणारा एकही बाण नव्हता. मी कुटुंबाकडे मरे बोवेन यांच्या नजरेने बघायला शिकले. या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९५४पासून काही वर्षं रुग्णाबरोबर त्याचं अख्खं कुटुंब रुग्णालयाच्या वॉर्डमध्ये राहायला बोलावून अभ्यास केला होता. त्यांचं एक निरीक्षण मला माझ्या कामात रोज भेटतं: दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. त्याने दोघांना तात्पुरतं हलकं वाटतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते. या घरात तिसरी व्यक्ती आई होती. त्या भांडण मिटवतात असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. प्रत्यक्षात त्यांच्यामुळेच ते दोघं न बोलता दिवस काढू शकत होते. हे त्यांना सांगणं कठीण होतं, पण सांगितलं. पुढच्या वेळी चौघं आले.

ओव्हनचं भांडण मी नीट समजून घेतलं. समुपदेशकाने कामातलं कामही समजून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. भांडण ज्या वस्तूवरून होतं ती वस्तू माहीत नसेल तर आपण हवेत बोलत राहतो. यांचा ओव्हन दगडी तळाचा, साधारण ३०० अंशांवर चालणारा. पिझ्झा भाजायला पाच-सात मिनिटं. शनिवारी संध्याकाळी ऑर्डरी तुंबल्या की दार सारखं उघडतं, एकामागून एक थंड पीठ दगडावर पडतं आणि दगड निवतो. मग वरचं चीज तपकिरी होतं आणि खालची बाजू पांढरीच राहते. वडील धावत येऊन आच वाढवायचे. पण आतली हवा लगेच तापते, दगडाला वेळ लागतो, त्यामुळे पुढचा पिझ्झा वरून करपायचा. मुलगी आच कमी करायची आणि म्हणायची, दोन मिनिटं थांबू. गिऱ्हाइकं उभी असताना वडिलांना ती दोन मिनिटं सोसायची नाहीत.

"हिला घाई कळत नाही," ते म्हणाले.

"बाबांना माझ्यावर विश्वास नाही," ती म्हणाली.

तीन भेटी या दोन वाक्यांभोवती गेल्या. चौथ्या भेटीत मी वडिलांना वेगळंच विचारलं. "दुकानात तुम्हाला सगळ्यात बरं कधी वाटतं?"

ते बराच वेळ विचार करत राहिले. शेवटी मुलगाच म्हणाला, "काहीतरी फुटलं की."

सगळे हसले. वडील हसले नाहीत. मग मुलाने सांगितलं. एका शनिवारी स्वयंपाकघरातल्या सांडपाण्यातलं तेल अडवणारा सापळा तुंबला. बाहेर रांग होती. वडील दीड तास मागे बसून तो उकलत होते आणि चक्क गाणं गुणगुणत होते. इतक्या महिन्यांत त्यांनी बाबांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तेव्हा मला दिसलं की आम्ही चुकीच्या जागी खणत होतो. मी विचारलं, "तुम्ही काम कुणाच्या हाताखाली शिकलात?"

त्यांचा चेहरा बदलला. "उस्ताद होते. पहिले सहा महिने नुसते पाने हातात द्यायचो. पाइप कापायलासुद्धा दिला नाही त्यांनी."

"आणि चुकलात तर?"

"ओरडायचे. पण चुकायला द्यायचे. जोड चुकला की लगेच पाणी दिसतं ना. पुसायचं, उकलायचं, परत करायचं."

"इथे?"

खोली शांत झाली. अशा शांततेत काही न बोलणं, हे मी माझ्या कामात सगळ्यात उशिरा शिकले आणि आज तेच माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. मी गप्प राहिले. आई बोलायला गेल्या, मी नुसता हात वर केला.

"पाइपला हात लावला की आत काय चाललंय ते मला कळायचं," ते म्हणाले. "पिठाला हात लावतो आणि काही म्हणजे काही कळत नाही. हात आंधळे झालेत, मॅडम. कर्ज माझ्या नावावर आणि दुकानात सगळ्यात कमी मलाच येतं. माझ्या पोरांसमोर."

मुलीने आठ महिने मानलं होतं की बाबांना तिची किंमत नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला पहिलं वर्षभर कळत नव्हतं, बाबा. बिघडलेलं पीठ मी मालकांना दिसायच्या आत टाकून द्यायचे."

"तू?"

"मी."

आठ महिन्यांत त्या दोघांमध्ये तिसऱ्याच्या मध्यस्थीशिवाय झालेलं हे पहिलं बोलणं होतं. त्या भेटीत मी आणखी काहीच केलं नाही. करण्यासारखं त्यांनी केलं होतं.

मला त्या दिवशी जे उमगलं ते मी त्यानंतर प्रत्येक अशा कुटुंबाला सांगते. कारागीर माणूस धंदा बदलतो तेव्हा सगळे भाडं, कर्ज, विक्री मोजतात. हातातलं कसब मागे राहिलं याची मोजदाद कुणी करत नाही. सव्वीस वर्षं ज्याला लोक अडचणीत बोलावत होते, तो एका रात्रीत आपल्याच घरात सगळ्यात नवखा होतो. हा शोक असतो. पण त्याला शोक म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण वरून बघता प्रगती झालेली असते. मग तो शोक ओव्हनच्या बटणावर, पिठावर आणि मुलीवर निघतो.

त्यात पिठाची भर. मैद्याच्या एका किलोला ६०० ते ६५० ग्रॅम पाणी, किंचित यीस्ट, मीठ. गोळे करून ४ अंशांच्या आसपास २४ ते ४८ तास ठेवायचे. म्हणजे आज केलेली चूक उद्या-परवा कळणार. नळाचा माणूस चूक लगेच बघायला सरावलेला. जिथे चूक लपून राहते तिथे त्याला शिकताच येत नाही, आणि जो शिकू शकत नाही तो हुकूम सोडू लागतो. बऱ्याच घरांत मला हेच दिसलंय, पीठ नसलं तरी.

पुढचं त्यांनीच ठरवलं. आठवड्यातून दोन सकाळी, दुकान उघडायच्या आधी, वडील मुलीकडे शिकायला बसणार. त्या वेळेत बिघडणारं पीठ आधीच खर्चात धरलेलं, त्यावर कुणी हळहळायचं नाही. ओव्हनसमोर मुलीचा शब्द शेवटचा. नळ, निचरा, यंत्रांची देखभाल वडिलांची, पण गर्दीच्या वेळी नाही. आईंनी कुणाचा निरोप कुणाला पोचवायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मग मी काय करू?" त्यांचंही पद हरवलं होतं. हिशेबाची सगळी सूत्रं त्यांच्या हाती होती, तरी त्या स्वतःला मदतनीस म्हणायच्या. आता खर्चाचा निर्णय त्यांच्या सहीशिवाय होत नाही.

एक सूचना वडिलांची होती आणि ती माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा सरस आहे. "नवा पाइप टाकला की भिंत बुजवायच्या आधी आम्ही त्यात दाब देऊन ठेवतो. गळायचं तर तेव्हा गळू दे. आम्ही इथे आधी भिंत बुजवली." त्यातून महिन्याची बैठक सुरू झाली. दुकान बंद असताना, जेवणाच्या टेबलापासून दूर, काय गळतंय एवढंच बोलायला.

तुम्ही असा धंदा घ्यायच्या बेतात असाल तर किल्ली घेण्याआधी हा दाब द्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या टागियुरी आणि डेव्हिस या दोघांनी १९७८मध्ये कौटुंबिक धंद्याचं एक साधं चित्र मांडलं: कुटुंब, मालकी आणि धंदा अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं. माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणं अशी असतात की एक जण एका वर्तुळातून बोलतो आणि दुसरा वेगळ्या. वडील मालक म्हणून बोलतात, मुलगी ते मुलगी म्हणून ऐकते. ओव्हनचा निर्णय कामाच्या वर्तुळातला आहे, तिथे बापपण आणि कर्जावरची सही दोन्ही बाहेर ठेवावी लागतात. म्हणून प्रत्येकाचं काम आधी ठरवा, विशेषतः त्याचं, ज्याचं काम 'मालक' एवढंच आहे.

घरच्या माणसाला पगार द्या, थोडा का होईना. फुकट राबणारा माणूस तक्रार करू शकत नाही, आणि न केलेली तक्रार घरात साठत जाते. मुलांना नाही म्हणायची खरी मुभा द्या. या घरातल्या धाकट्याने पुढे दुकान सोडलं आणि अभ्यासाला लागला. आईंना तो घात वाटला. मला विचाराल तर त्या घरातली ती सगळ्यात निरोगी गोष्ट होती, कारण तो रुसून गेला नाही, समोर बसून सांगून गेला.

जुन्या मालकांना काही आठवडे सोबत थांबायची विनंती करा आणि जुन्या कामगारांचा मान राखा. चव त्यांच्या हातात असते. सुरुवातीचे काही महिने पदार्थांची यादी बदलू नका. नव्या मालकाला आपली छाप पाडायची घाई असते, पण जुनं गिऱ्हाईक ओळखीची चव शोधत येतं आणि पहिल्याच घासाला 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणतं. ते वाक्य मग घरात दगडासारखं फिरतं.

आणि कुठे थांबायचं ते धंदा चांगला चालू असतानाच लिहून ठेवा. किती तोटा, किती महिने. बुडताना घेतलेल्या निर्णयात एकमेकांना दोष देण्याखेरीज फारसं काही उरत नाही. मात्र घरात कुणाची झोप कायमची उडाली असेल, दारू वाढली असेल, हात उचलला जात असेल, तर बैठकांची वाट बघू नका. तिथे वेगळी मदत लागते आणि लवकर लागते.

वर्षभराने मी त्यांच्याकडे गेले, बोलावणं होतं म्हणून. मी कोपऱ्यात बसून बघत होते. संध्याकाळची गर्दी होती. वडिलांच्या मनगटावर ओव्हनच्या दाराने उमटलेले दोन ताजे डाग होते, शिकाऊ माणसाच्या हातावर असतात तसे. त्यांनी लांब दांड्याच्या फळीवर एक पिझ्झा बाहेर काढला आणि मुलीकडे वळून म्हणाले, "बघ जरा."

तिने कडा उचलून खालची बाजू पाहिली. "अजून अर्धा मिनिट, बाबा."

रांगेत आठ-दहा माणसं होती. त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि पिझ्झा परत आत सरकवला.