छतावरचा रेडिओ आणि दोनदा होणारं नॅट

छतावरच्या वायरलेस रेडिओतून इंटरनेट येतंय, पण नीट चालत नाही, तर आधी एकच गोष्ट बघ: राउटरच्या स्टेटस पानावर वॅनला, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूला, कोणता आयपी पत्ता मिळालाय? तो १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांतल्या कशाने सुरू होत असेल, तर तो खासगी पत्ता आहे. म्हणजे पुढे आणखी कुणीतरी नॅट (आतले खासगी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) करतंय, आणि बहुतेक वेळा तो छतावरचा रेडिओच असतो.

त्यातही रेडिओ आणि राउटर दोघेही १९२.१६८.१ मध्ये असले, तर राउटरला आत कुठलं नि बाहेर कुठलं हेच कळत नाही. लिंकचे दिवे छान लागलेले असतात, पण पान उघडत नाही. नवीन माणूस इथे अँटेना फिरवत बसतो. अँटेनाला हात लावू नकोस! राउटरची लॅन, म्हणजे घरातलं नेटवर्क, १९२.१६८.५० वर ने, लगेच फरक दिसेल.

कायमचा इलाज म्हणजे रेडिओ ब्रिज मोडमध्ये टाकणं, म्हणजे तो स्वतः नॅट न करता सगळं नुसतं पुढे देतो. पण त्याआधी पीपीपीओईचं (सेवा देणाऱ्याकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड रेडिओत आहे का ते बघून लिहून घे, कारण ते नंतर राउटरमध्ये भरावं लागतं. रेडिओचा व्यवस्थापनाचा पत्ताही कागदावर हवा. युबिक्विटी कंपनीच्या रेडिओचा मूळ पत्ता १९२.१६८.१.२०, लॅपटॉपला १९२.१६८.१.२५ देऊन थेट पीओई अडॅप्टरच्या (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देणारा) लॅन पोर्टला जोडलास की आत शिरता येतं.

एवढं करूनही वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता आला, तर नॅट सेवा देणाऱ्याकडे आहे. तिथे तुझं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवणं) चालणार नाही. त्यांच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता, माग.