वाचकांचे प्रश्न : विमान देखभालीचा परवाना

प्रश्न : हँगरमध्ये अडीच वर्षं काम केलंय, पण मान्यताप्राप्त कोर्स केलेला नाही. अर्जासोबत साहेबांचं ‘काम समाधानकारक’ असं पत्र जोडलं होतं, तरी अर्ज परत आला. काय चुकलं?

उत्तर : दोन गोष्टी. पहिली मुदत. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) परिशिष्ट १ प्रमाणे वय किमान १८ हवं आणि अनुभव ४ वर्षांचा; मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला २ वर्षं पुरतात. देशागणिक आणि श्रेणीगणिक आकडे बदलतात, म्हणून जिथे अर्ज करताय तिथला नियम नीट वाचा.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पत्र. तुमच्या हातांनी काय केलं, हे त्यातून कळतच नाही. लॉगबुकात प्रत्येक कामाची तारीख, विमानाचा प्रकार व नोंदणी क्रमांक, एटीए प्रकरण (काम विमानाच्या कोणत्या यंत्रणेचं, त्याचा ठरलेला क्रमांक), टास्क कार्डचा (त्या कामाच्या सूचनापत्राचा) क्रमांक आणि सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक हवा. ‘चाक बदललं’ एवढ्यावर थांबू नका. ‘प्रकरण ३२. डावं मुख्य चाक बदललं. चाक फिरवत अ‍ॅक्सल नट आधी जास्त टॉर्कला आवळला, ढिला केला, मग अंतिम टॉर्क दिला,’ असं लिहा; टॉर्क म्हणजे नट फिरवताना लावलेला पिळाचा जोर. तोंडी परीक्षेत ‘दोनदा का आवळला?’ हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या आवळणीने चाकातली टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग जागेवर बसतात; दुसरी, कमी टॉर्कची आवळणी त्यांच्यावर हवा तेवढाच दाब ठेवते. चाक न फिरवता आवळलं तर रोलर नीट बसत नाहीत, रेंच टॉर्क पूर्ण दाखवतो आणि चाक धावू लागल्यावर नट सैल पडतो.

नोंद त्याच दिवशी करा. आठवून लिहिलेली वही टास्क कार्डाशी जुळत नाही. आणि नुसती चाकं नकोत. इंधन, हायड्रॉलिक, विद्युत, नियंत्रण पृष्ठभाग, इंजिन अशी सगळीकडची कामं मागून घ्या.

प्रश्न : प्रात्यक्षिकात माझी लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची पिळाची तार) दोनदा नापास झाली. पीळ तर एकसारखे होते.

उत्तर : मग दिशा तपासा. तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच हवी. उलटी बांधलेली सुबक तार काहीही अडवत नाही. ०.०३२ इंची तारेला इंचाला ६ ते ८ पीळ द्या. जास्त पिळलं की तार कडक होते आणि कंपनांनी तुटते. पक्कडीचा ओरखडा उमटला तर तेवढ्यासाठीही तार नवी घ्या, कारण ती तिथूनच तुटते. बोल्टच्या डोक्याला घातलेला वेढा खाली दाबून बसवा, नाहीतर तो वर सरकून तार ढिली पडते. शेपूट पाव ते अर्धा इंच ठेवून आत वळवा, म्हणजे पुढच्याच्या हाताला टोचणार नाही.

तार ओवायचं भोक जुळत नाही म्हणून बोल्ट सैल करणं किंवा मर्यादेपलीकडे आवळणं, यावर परीक्षक लगेच थांबवतात, आणि ते योग्यच आहे. दिलेल्या टॉर्कच्या पट्ट्यातच भोक जुळवा. जमत नसेल तर मॅन्युअल परवानगी देत असल्यास वॉशर बदला, नाहीतर दुसरा बोल्ट घ्या.

प्रश्न : टॉर्क रेंचला (टॉर्क मोजून आवळणाऱ्या पान्याला) लांबी वाढवणारा जोड लावल्यावर आकडा किती ठेवायचा?

उत्तर : हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच आणि जोड यांची एकूण लांबी. रेंच २५० मिमी, सरळ रेषेत पुढे आलेला जोड ५० मिमी, टॉर्क ३६ न्यूटन-मीटर हवा असेल, तर रेंचवर ३० लावा. ३६च ठेवलात तर बोल्टवर ४३ च्या वर जातो. लांबी मुठीच्या मध्यापासून चौकोनी ड्राइव्हच्या मध्यापर्यंत मोजा. जोड काटकोनात लावला तर आकडा बदलावा लागत नाही.

प्रश्न : परवाना आहे, पण वर्षभर दुसऱ्या कामावर होतो. देखभालीच्या कामावर सही करता येईल?

उत्तर : मागच्या २४ महिन्यांत किमान ६ महिने देखभालीचं काम झालं असेल तर या अटीची अडचण नाही. तेही लॉगबुकातूनच दाखवावं लागेल.