पश्चिमेची खोली आणि दोन हिरव्या छटा

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या घरात दहा बाय बाराची, पश्चिमेकडे एकच खिडकी असलेली झोपण्याची खोली आहे. जमीन शहाबादी फरशीची आहे. भिंतींसाठी फिकट पिस्ता आणि राखाडीकडे झुकणारा फिकट शेवाळी अशा दोन छटा निवडल्या आहेत. सासूबाईंना पिस्ता पसंत आहे, मला शेवाळी. कोणती घ्यावी? हिरव्या रंगाने खोली थंड राहते, हे खरे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या खोलीला शेवाळी अधिक शोभेल. पिस्त्यात पिवळी झाक मुळातच असते. दुपार कलल्यावर पश्चिमेचे पिवळसर ऊन आत येऊ लागले की ती झाक वाढते, आणि भिंतींचा रंग एकमेकींवर पडत असल्यामुळे शेडकार्डावर सौम्य वाटलेली छटा प्रत्यक्षात पोपटी भासू लागते. शेवाळीतला राखाडीपणा हे ऊन सोसतो आणि शहाबादीच्या करड्या रंगाशीही त्याचे जमते.

सकाळी मात्र सासूबाईंचे म्हणणे पटेल. त्या वेळी खोलीत थेट ऊन नसते, उजेड निळसर आणि मंद असतो, त्यात गडद शेवाळी मळकट दिसते. म्हणून छटा निवडताना प्रकाश परावर्तनाचा आकडा, म्हणजे एलआरव्ही, दुकानदाराला विचारावा. तो ० ते १०० असा मोजतात. आपल्याला ६०च्या आसपासची किंवा त्याहून उजळ छटा हवी.

कार्डावरून निर्णय घेऊ नये. खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्या समोरच्या भिंतीवर प्राइमरचा पांढरा पट्टा मारून, त्यात दोन्ही छटांचे दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवावेत. जुन्या रंगाला लागून नमुना लावल्यास डोळा फसतो. चौकोन पूर्ण वाळल्यावर सकाळी, सायंकाळी आणि दिवे लावून पाहावेत. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारा आकडा) पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली शेवाळी फिकी व थंड दिसते. ४००० केल्विनचा दिवा तिला अधिक मानवतो.

राहिला थंडाव्याचा प्रश्न. तो भास डोळ्यांचा आहे. चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात खोली तापते ती स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे, त्यामुळे थंडाव्यासाठीचा खर्च गच्चीवरील पांढऱ्या उष्णतारोधक लेपावर आणि खिडकीच्या बाहेरच्या सावलीवर करावा. रंग मॅट फिनिशचाच घ्यावा, कारण सायंकाळच्या तिरप्या उन्हात चकचकीत भिंतीवर गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दिसतो.