स्फटिक किरणोत्सर्गाला किती तग धरतो?

प्रश्न : सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस डिटेक्टरमधील (कण टिपणाऱ्या यंत्रातील) लेड टंगस्टेटचे, कण आदळताच प्रकाश देणारे स्फटिक किरणोत्सर्गाने काळवंडतात, असे वाचले. त्यांचा टिकाऊपणा आधी कसा तपासतात? गोव्यातील पावसाळी हवेनेही ते खराब होतील का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : दमटपणाची धास्ती सोडियम आयोडाइड या अशाच दुसऱ्या प्रकाश देणाऱ्या स्फटिकाला, लेड टंगस्टेट ओलावा शोषून घेत नाही. किरणोत्सर्गाने या स्फटिकाची प्रकाश निर्माण करण्याची क्षमता बहुतांशी शाबूत राहते, परंतु त्याच्या अणूंच्या जाळीतील दोषांच्या जागी इलेक्ट्रॉन अडकून रंगकेंद्रे (प्रकाश शोषणाऱ्या जागा) तयार होतात आणि ती स्फटिकाचाच निळा प्रकाश वाटेतच गिळतात; स्फटिक सुमारे २३ सेंटीमीटर लांब असल्याने हे नुकसान चांगलेच जाणवते. म्हणून चाचणीत पारदर्शकता आधी मोजून स्फटिकाला कोबाल्ट-६० या किरणोत्सारी स्रोताच्या गॅमा किरणांची ठरावीक मात्रा देतात आणि लगेच पुन्हा मोजणी करतात. ही घाई अनाठायी नाही, कारण काही रंगकेंद्रे खोलीच्या तापमानालाही हळूहळू विरतात आणि उशीर झाल्यास स्फटिक आहे त्याहून कणखर भासतो. प्रोटॉनसारख्या हॅड्रॉन (क्वार्कांनी बनलेल्या) कणांनी केलेली इजा मात्र साचत जाते. त्यामुळे केवळ गॅमा चाचणीवर विसंबणे, माझ्या मते, अपुरेच. शिवाय प्रोटॉनांच्या माऱ्यानंतर स्फटिक स्वतःच किरणोत्सारी होतो, म्हणून तो हाताळण्यापूर्वी थांबावे लागते.

स्फटिकांचा प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या प्रकाशसंवेदकांचे दुखणे निराळे आहे. न्यूट्रॉनांच्या धक्क्याने सिलिकॉनचे अणू जागेवरून हलतात आणि प्रकाश नसतानाही वाहणारा विद्युतप्रवाह वाढतो. तो तापमानानुसार झपाट्याने बदलत असल्याने माऱ्याआधीची व नंतरची मोजणी एकाच तापमानाला करतात. प्रत्यक्ष वापरात संवेदक थंड ठेवून हा प्रवाह आटोक्यात आणतात.