सर्व्हर बदलू की नको?

प्रश्न : ताई, तपकीर गल्लीत आमचं इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे. बिलिंग मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं. दिवाळीच्या गर्दीत एक बिल शोधायला मिनिट लागतं, गिऱ्हाईक ताटकळतं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, नवा सर्व्हर घ्या. घ्यावा का? – एक दुकानदार, बुधवार पेठ

उत्तर : दादा, पाकीट आत ठेवा. आधी स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या रेंगाळणाऱ्या प्रश्नांची (क्वेऱ्यांची) नोंद, सुरू करायला सांगा. तो मुळात बंद असतो आणि सुरू केला तरी १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्याच क्वेऱ्या टिपतो. मर्यादा १ सेकंदावर आणा. सापडलेल्या क्वेरीआधी ‘एक्सप्लेन’ लिहून चालवा. ‘टाइप’च्या रकान्यात ‘ऑल’ दिसलं, तर एका बिलासाठी अख्खी वही चाळली जातेय. मग इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सूची, हवा.

इंडेक्स असूनही वाया जातो, ते असं. माझ्या पहिल्या नोकरीत मीच तारखेच्या रकान्यावर ‘इयर’ फंक्शन लावून वर्ष तपासत होते. फंक्शन लावलं की तारखेचा साधा इंडेक्स कामाला येत नाही. ‘१ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आत’ अशी अट घातली आणि अहवाल चहा यायच्या आत आला. (साहेबांना कारण सांगितलं नाही.)

बफर पूल, म्हणजे डेटा हाताशी ठेवायला मायएसक्यूएलला दिलेली रॅम, तीही बघा. मूळ सेटिंग फक्त १२८ एमबीचं असतं. अनेकांकडे तेच राहून जातं. ८ जीबी रॅमच्या त्याच मशीनवर बिलिंगचं सॉफ्टवेअरही चालत असेल, तर २-३ जीबी देऊन बघा. मात्र दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावू नका, प्रत्येक नवं बिल नोंदवताना तो भार पडतो.

एवढं करूनही रखडलं, तर एक्सप्लेनचा फोटो पाठवा.